खुबा बदलायचाय? तारीख घेण्याआधीचे तीन महिने

"खुब्याचं ऑपरेशन करावं लागेल" असं डॉक्टर म्हणाले की घरात दोनच चौकश्या सुरू होतात: डॉक्टर कोण आणि खर्च किती. बेळगावातच करायचं, मिरजेला न्यायचं की कोल्हापुरात पाहुण्यांकडे राहून उरकायचं, यावर आठवडाभर खल होतो. सांधा देशी घ्यावा की परदेशी, यावर शेजारीपाजारीही मत देऊन जातात. पेशंटची तंबाखू, त्याची साखर, अंगातलं रक्त, किडलेली दाढ आणि परसातला संडास यांचा विषय मात्र कुणी काढत नाही. फिजिओथेरपीच्या निमित्तानं मी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत जातो. एकाच प्रकारचं, व्यवस्थित झालेलं ऑपरेशन एका घरात लवकर विसरलं जातं आणि दुसऱ्या घरात वर्षभर पुरतं, याचं कारण बहुतेक वेळा या न निघालेल्या विषयांत सापडतं. म्हणून तारीख घेण्याआधी काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

एक अपवाद आधीच सांगून टाकतो. म्हातारं माणूस पडून खुबा मोडला असेल तर यातलं काहीही करत बसू नका. तिथे घाई हवी, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं. "पायाला वजन लावून बघू", "अमुक गावच्या हाडवैद्याला दाखवू" असं म्हणत अंथरुणात काढलेला एकेक दिवस न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या घेऊन येतो. पुढचं सगळं आहे ते हळूहळू झिजलेल्या किंवा सुकलेल्या खुब्यासाठी, जिथे आपल्या हातात वेळ असतो.

पहिली पायरी: खुबा का बिघडला ते विचारून घ्या

खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत असतं, मांडीच्या पुढच्या बाजूनं गुडघ्यापर्यंत उतरतं. पेशंट मात्र कुल्ल्यावर हात ठेवून "इथं दुखतंय" म्हणतो, आणि ते दुखणं पुष्कळदा कमरेच्या मणक्याचं निघतं. मणका आणि खुबा दोन्ही बिघडलेले असतील तर खुबा बदलल्यावरही थोडं दुखणं राहणार. हे आधी समजलं तर नंतर "ऑपरेशन फुकट गेलं" असं वाटत नाही.

म्हातारपणी झीज हे नेहमीचं कारण. पण आपल्याकडे तिशी-चाळिशीतले पुरुषही खुबा धरून येतात. त्यांच्यात बऱ्याचदा मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मेलेलं असतं. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. त्यामागे अतिरेकी दारू, स्टेरॉइडची औषधं किंवा जुना अपघात असतो. दारू वा स्टेरॉइडमुळे झालेला हा आजार अनेकदा दोन्ही बाजूंना होतो, म्हणून दुसऱ्या खुब्याचंही एमआरआय करायचं का, हे विचारा. कारण कळलं आणि तेच पुढे चालू राहिलं, तर एक बाजू बदलून दुसरी गमावण्याची वेळ येते.

स्टेरॉइड म्हटलं की लोक म्हणतात, "आम्ही कधी घेतलंच नाही." मग पिशवीतून कागदाच्या पुड्या निघतात: आठवडी बाजारातून आणलेल्या, "गावठी औषध, एकदम गुण येतो" अशी ख्याती असलेल्या. सांधेदुखीच्या अशा बेनावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार होतात. ज्या पुडीनं दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे होतात आणि पुढे हळूहळू तोंड गोल सुजतं, तिच्याबद्दल शंका घ्याच. अशी पुडी वर्षानुवर्षं चालू असेल तर ऑपरेशनच्या धास्तीनं एकदम बंदही करू नका. शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची क्षमता मंदावलेली असते, आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन भूलतज्ज्ञासमोर ठेवा. रागावले तर रागावू देत.

दुसरी पायरी: जे बदलता येत नाही, ते ओळखा

वय, हाडांची जात, जुने आजार यांवर आपलं काही चालत नाही, पण अपेक्षा किती ठेवायची ते त्यांवरून ठरतं.

कृत्रिम खुबा किती वर्षं टिकतो हा पहिला प्रश्न असतो. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींवरून २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हिशेब आला होता. त्यानुसार सुमारे ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकतात. हे वाचून सत्तरीच्या आजीनं निश्चिंत व्हावं, चाळिशीच्या माणसानं मात्र विचार करावा. ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासात सत्तरीनंतर ऑपरेशन झालेल्यांत पुढे आयुष्यात कधीतरी तो सांधा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता साधारण ५ टक्के दिसली. पन्नाशीच्या सुरुवातीला ऑपरेशन झालेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. तरुण माणूस जास्त जगतो, जास्त चालतो, जास्त ओझं उचलतो, म्हणून सांधाही जास्त वापरतो. तरुणांनी कुढत बसावं असा याचा अर्थ नाही. सांध्याच्या वाटीचा आणि गोळ्याचा प्रकार निवडताना डॉक्टर वयाचा विचार करतात, तो कसा केला ते विचारा.

म्हाताऱ्या माणसात सांधा झिजण्यापेक्षा पडण्याची, मांडीच्या हाडात बसवलेल्या सांध्याच्या दांडीभोवती ठिसूळ हाड मोडण्याची आणि ऑपरेशननंतर काही दिवस भ्रमिष्टासारखं होण्याची भीती जास्त. कमरेच्या मणक्यात पट्ट्या-स्क्रू घातलेले असतील, संधिवातानं पाठ बांबूसारखी ताठ झाली असेल, कंपवात असेल किंवा पूर्वी पक्षाघात झाला असेल, तर नवा खुबा निखळण्याचा धोका वाढतो. हे सर्जनला मुद्दाम सांगा. तो त्याप्रमाणे वेगळ्या प्रकारची वाटी निवडू शकतो.

आणखी एक गोष्ट. "अजून चालतंय की" म्हणत लोक इतकं थांबतात की पाय आखडतो, मांडीचा स्नायू वाळतो आणि कंबर वाकडी होते. अशा माणसाला ऑपरेशननं आराम पडतो, पण वेळेत आलेल्या माणसाइतकी चाल पुन्हा येत नाही. तीन महिने तयारीसाठी थांबणं वेगळं आणि तीन वर्षं भीतीपोटी थांबणं वेगळं.

तिसरी पायरी: तंबाखू

या पायरीवर मी सर्वात जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागात सर्वात जास्त टाळाटाळ इथेच होते. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये निपाणीनं पुणे-बेंगळुरू महामार्ग रोखून धरला होता. शेतात तीच, घरात बिडी वळायला तीच, दुपारी चुन्याबरोबर हातावर तीच. तिथे "सोडा" म्हणणारा माणूस उपराच वाटतो.

तरी सांगतो. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. जखमेच्या कडांना आणि हाडाला लागणारं रक्त कमी पोचतं. त्यामुळे जखम चिघळण्याची, आत जंतुसंसर्ग होण्याची आणि पुढे सांधा सैल पडण्याची शक्यता वाढते. सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यात हाड वाढून त्याला धरतं, तिथे तर हाडाला रक्त मिळणं फारच महत्त्वाचं. बिडी-सिगारेटच्या धुरानं याखेरीज छातीही बिघडते, भूल देताना अडचण होते.

"मी ओढत नाही" असं म्हणणाऱ्यांना माझा पुढचा प्रश्न असतो: मळता का? दाढेत धरता का? आणि बायकांना: मिसरी लावता का? सकाळी उठून तवा-दोन तवे मिसरी भाजून ठेवणाऱ्या आजीला ती दात घासायची पावडर वाटते, व्यसन वाटतच नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला ती मनापासून "नाही" म्हणते. मिसरीतूनही निकोटिन रक्तात जातं. तेव्हा घरच्यांनीच सांगून टाकावं.

ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद करायची, आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे किमान सहा-आठ आठवडे, हात लावायचा नाही. आधी दोन दिवस बंद करून काही साधत नाही. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट. निकोटिनचं च्युइंगम घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, कारण त्यातही निकोटिन असतंच.

घरात बिडी वळणारी बाई पेशंट असेल तर आणखी एक अडचण. तासन् तास मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन बसण्याचं हे काम. नव्या खुब्याला ती बैठक पहिले काही महिने अजिबात चालत नाही. ऑपरेशनआधीच खुर्ची आणि समोर उंच टेबल अशी मांडणी करून बघा, सूप टेबलावर ठेवून हात चालतो का ते बघा. चालत नसेल तर त्या महिन्यांची मजुरी बुडणार हे धरूनच खर्चाचा अंदाज करा.

चौथी पायरी: साखर, रक्त, वजन

मधुमेह असणाऱ्यांनी फक्त उपाशीपोटीची साखर दाखवून चालत नाही. आदल्या दोन दिवसांत भात सोडून ती खाली आणणारे हुशार लोक मला माहीत आहेत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करा. ती साडेसात ते आठच्या खाली असावी, असा बऱ्याच सर्जनांचा आग्रह असतो. त्यावर असेल तर ऑपरेशन पुढे ढकलणं हा डॉक्टरांचा चांगुलपणा समजा, कारण वाढलेल्या साखरेत जंतूंचं फावतं. आणि हो, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी आणलेला बेळगावचा गोड कुंदा पेशंटच्या उशाशी ठेवू नका.

हिमोग्लोबिन बायकांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त जातं. आधीच कमी असेल तर बाटल्या चढवाव्या लागतात, आणि त्यांचे स्वतःचे धोके असतात. दोन-तीन महिने हातात असतील तर लोहाच्या गोळ्यांनी किंवा शिरेतून दिलेल्या लोहानं ते वाढवता येतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

वजनाबद्दल लोक दोन्ही टोकांना चुकतात. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० च्या वर, म्हणजे पाच फूट चार इंच उंचीला साधारण १०५ किलोच्या पुढे, असेल तर जखमेचे आणि संसर्गाचे धोके स्पष्ट वाढतात, आणि बरेच सर्जन आधी वजन कमी करायला सांगतात. पण म्हणून शेवटच्या महिन्यात उपास धरायचे नाहीत. उपाशी शरीराची जखम भरत नाही. आणि लठ्ठ दिसणारा माणूसही आतून कुपोषित असू शकतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ३.५ च्या खाली असेल तर ती धोक्याची सूचना.

प्रथिनं कुठून आणायची? आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे: मटकी, हुलगे, शेंगदाणे, झुणका, दूध, ताक, अंडी, चालत असेल त्याला मासे-मटण. अडचण हे आणण्याची नाही, पेशंटला खाऊ घालण्याची आहे. टाके घातले की घरातली थोर मंडळी डाळ वातूळ म्हणून, अंडं उष्ण म्हणून, दही-भात पू धरेल म्हणून बंद करतात. मग पेशंट पंधरा दिवस पेज आणि लिंबाच्या लोणच्यावर राहतो, आणि जखम भरायला लागणाऱ्या वस्तू नेमक्या तेव्हाच ताटातून गेलेल्या असतात. या अन्नानं पू होत नाही. पू जंतूंनी होतो. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी मात्र प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पाचवी पायरी: दारूचा खरा आकडा सांगा

रोज पिणारा माणूस ऑपरेशनसाठी भरती झाला की दारू आपोआप बंद होते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरायला लागतात, घाम फुटतो, भास होतात, आणि माणूस रात्री सलाइन उपसून पलंगावरून उतरतो. नवा खुबा निखळायला एवढं पुरे. हे टाळता येतं, पण आधी माहीत असेल तरच. "कधीमधी, लग्नाकार्याला" हे उत्तर घरोघरी पाठ असतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं निवृत्त फौजी घरोघरी आहेत, आणि कॅन्टीनची बाटली तर शिस्तीचाच भाग मानली जाते. भूलतज्ज्ञाला रोज किती, किती वर्षं, हे स्पष्ट सांगा. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरीच एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून काही आठवडे आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

सहावी पायरी: जंतूंच्या वाटा बंद करा

नव्या सांध्याला जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा उघडून धुवावं लागतं, कधी सांधाच काढावा लागतो. म्हणून अंगावर कुठेही जंतूंचं ठाणं नको.

किडलेली दाढ, सुजलेल्या हिरड्या आधी निस्तरा. लघवीला जळजळ होत असेल तर तपासून घ्या. पाय उलटेपालटे करून बघा: टाचांच्या भेगांतून रक्त येतं का, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात का. खानापूरकडे भातरोपांच्या लावणीत चिखलात उभं राहणाऱ्या बायकांना पावसाळाभर चिखल्या असतात आणि त्यांना त्या आजार वाटत नाहीत. गळू, पुळी, खाजवून पडलेला व्रण, सगळं दाखवा. गरम विटेचा, वाळूच्या पुरचुंडीचा शेक घेऊन खुब्यावरची कातडी भाजून घेतलेले लोकही येतात. तिथूनच चीर द्यायची असते. शेक बंद.

खुब्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ऑपरेशन त्यानंतर किमान तीन महिन्यांनी करावं. आणि घरी ब्लेडनं केस काढू नका. बारीक कापांतून जंतू शिरतात. केस काढायची गरज वाटली तर हॉस्पिटलमध्ये मशीननं काढतात.

चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या आणि संधिवाताच्या गोळ्यांची, डॉक्टरांना दाखवा. काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं ते त्यांनीच ठरवायचं.

सातवी पायरी: घर आधी बदला, खुबा नंतर

बऱ्याच घरांत कमोड डिस्चार्जच्या दिवशी शोधायला निघतात. ऑपरेशनआधीच आणा. परसातल्या संडासात उकिडवं बसणं पहिल्या काही महिन्यांत नव्या खुब्याला धोक्याचं असतं. विशेषतः खुब्याच्या मागच्या बाजूनं चीर देऊन ऑपरेशन झालं असेल तर तीन गोष्टी टाळायच्या: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आत वळवणं. कमोडच्या खुर्चीची उंची अशी हवी की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत. पलंग, खुर्ची यांनाही हाच नियम. जमिनीवरची गादी, ठेंगणा स्टूल, झोपाळा पहिले काही आठवडे विसरा.

जुन्या घरांत उंबरे उंच, ओट्याला पायऱ्या, न्हाणीघरात शहाबादी फरशी गुळगुळीत झालेली. न्हाणीत धरायला दांडा बसवा, रबरी चटई टाका, गडद कोपऱ्यात दिवा लावा. रस्त्यात येणारी पोती, वायर, पायपुसणी उचला. वॉकर दारातून जातो का ते रिकामा वॉकर चालवून बघा. माळ्यावरच्या खोलीत झोपणाऱ्याचं अंथरूण खाली आणा. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात वॉकर घसरतो, त्यामुळे जमत असेल तर खानापूरकडच्या लोकांनी सुगी आटोपल्यावरची तारीख घ्यावी असं मी सुचवतो. तेव्हा अंगण कोरडं असतं आणि घरात माणसंही मोकळी असतात.

रात्री सोबतीला कोण, हे नाव ठरवून ठेवा. एकट्या राहणाऱ्या माणसाची सुधारणा सावकाश होते. मन खचलेल्या माणसाचीही. पेशंट काही महिन्यांपासून झोपत नसेल, कशातच रस घेत नसेल, तर त्याचा इलाज ऑपरेशनआधी सुरू करा. नैराश्यात दुखणं जास्त जाणवतं आणि व्यायामाला माणूस उठत नाही.

व्यायामही आधीच सुरू करायचा. घोटे वर-खाली करणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं, झोपून कंबर उचलणं, खुर्चीचे हात धरून उठणं, हे दिवसातून दोनदा. वॉकरवर चालायची सवय दुखणं कमी असतानाच करा, ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात घेतला की माणूस घाबरतो.

आठवी पायरी: पैसा आणि कागद

कर्नाटकचं बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी आहे, माजी सैनिकांना ईसीएचएस ही त्यांची आरोग्य योजना. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये घेतला. निर्णय कागदावर असणं आणि काउंटरवर चालणं यांत फरक असतो, तेव्हा ज्या हॉस्पिटलात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, कागदपत्रं दाखवून आधी विचारा: माझं ऑपरेशन यात बसतं का, सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं का, सांध्याचा कुठला प्रकार यात येतो. गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर केंद्रानं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, पण ते दर खुब्याला लागू नाहीत. त्यामुळे सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी मराठीत समजावून मागायला लाजू नका. बेळगावच्या बहुतेक दवाखान्यांत मराठी बोलणारी नर्स किंवा कंपाउंडर सापडतोच.

नववी पायरी: ऑपरेशननंतर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पेशंटपेक्षा नातेवाईकच घाबरतात, "अजून आराम करू दे" म्हणतात. उठवणं हा उपचार आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन साधारण चार-पाच आठवडे असतं, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. ऑपरेशनच्या पायाला बाळंतिणीसारखी तेलमालिश करू नका. जखमेवर हळद, कडुलिंब, काही नको.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. एसटीच्या उंच पायरीलाही हेच. दुचाकीवर साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर. किकची गाडी असेल तर आणखी उशिरा, आणि बायकांनी मागे एका बाजूला पाय सोडून बसणं टाळावं, त्यात कंबर आणि खुबा दोन्ही पिळले जातात. चालणं, सायकल, पोहणं चांगलं. धावणं, उड्या, उसाची मोळी डोक्यावर घेणं नको. शेतात परत जाता येतं, पण लावणी-भांगलणीचं वाकून बसून करायचं काम दुसऱ्यावर सोपवा आणि स्वतः पाणी पाजणं, ट्रॅक्टर, हिशेब असली उभ्या-बसल्याची कामं घ्या.

"डॉक्टर, मांडी घालायला कवा येतंय?" हा प्रश्न प्रत्येकाचा. पंगतीत खुर्चीवर बसणं अनेकांना अपमान वाटतो. उत्तर सांध्याच्या प्रकारावर, चीर कुठून दिली यावर आणि तुमच्या स्नायूंवर अवलंबून आहे. काहींना काही महिन्यांनी परवानगी मिळते, काहींना कधीच नाही. तुमच्या सर्जनलाच विचारा. शेजारच्या माणसाला जमलं म्हणून करून बघू नका.

पहिले काही महिने ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटू शकतो. वर्षानुवर्षं लंगडल्यानं कंबर वाकडी झालेली असते, ती सरळ होत गेली की पुष्कळांचं हे वाटणं जातं. घाईनं बुटाखाली टाच वाढवून घेऊ नका.

लगेच दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप उतरत नसणं, पोटरी सुजून दुखणं, एकाएकी दम लागणं किंवा छातीत दुखणं, आणि कळ येऊन पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसणं. शेवटचं म्हणजे बहुधा खुबा निखळलेला असतो. ओढून बसवायला कुणालाही बोलावू नका, उताणं झोपवून अँब्युलन्स बोलवा.

डिस्चार्जच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरची स्टिकरं फाइलला लावून मागा. त्यावर कंपनी, माप आणि नंबर असतो. धातूवर धातू घासणारा एक प्रकारचा सांधा २०१० मध्ये कंपनीनंच जगभरातून परत बोलावला होता, तेव्हा आपल्या अंगात नेमकं काय आहे हे ज्यांच्या कागदावर होतं त्यांनाच पुढची दिशा कळली. पंचवीस वर्षांनी सांधा बदलायची वेळ आली तरी सर्जन आधी हीच स्टिकरं मागेल. फाइल पत्र्याच्या ट्रंकेत, रेशन कार्डाशेजारी ठेवा आणि तिचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्येही असू द्या.